दोन जाणकार आणि मामांचा ट्रॅक्टर

कंडक्टर निवृत्त होऊन आठ महिने झाले होते, पण त्याच्या पायांना ते कुणी कळवलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात तो अजूनही पाय फाकवून, एक खांदा चौकटीला टेकवून उभा राही, जणू घर आता वळणावर येणार आहे. पाहुणे आले की "या, बसा" म्हणायच्या जागी त्याच्या तोंडून "पुढे सरका, पुढे जागा आहे" असं निघून जाई. बायकोने सुरुवातीला हसण्यावारी नेलं. पण एकदा तिच्या बहिणीकडची मंडळी जेवायला आलेली असताना याने सगळ्यांसमोर बोट नाचवत माणसं मोजली आणि धाकट्या मुलीकडे बघून "ही अर्धी" असं जाहीर केलं, तेव्हा तिचा संयम संपला.

"अहो, तुम्ही काहीतरी काम बघा," पाहुणे गेल्यावर ती म्हणाली. "नाहीतर मी बघते."

बायकोने बघितलेलं काम म्हणजे माळा आवरणं, हे कंडक्टरला चाळीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी मामींचा फोन आला तेव्हा त्याने तो अक्षरशः झेप घेऊन उचलला.

मामी ऐंशीच्या होत्या आणि शहरापासून तासाभरावर, शेतातल्या घरात एकट्या राहत होत्या. फोनवर बोलताना त्या मध्ये श्वास घेत नसत.

"बाळ, मामांचा ट्रॅक्टर शेडमधून हलव. अकरा वर्षं झाली, नुसता बसून आहे. तो तुझा आहे, मामा तसं सांगून गेलेत, म्हणून तुला विचारतेय. सोमवारपर्यंत हलला नाही तर भंगारवाल्याला बोलावते. मला तिथे बदकं ठेवायचीत."

बासष्टाव्या वर्षी 'बाळ' म्हणवून घेताना कंडक्टरला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. पण त्या दिवशी त्याला फक्त तो ट्रॅक्टर दिसला. निळा रंग, उभं धुराडं, आणि मागच्या मडगार्डवर बसलेला नऊ वर्षांचा तो स्वतः. मामा पुढे बसून काहीतरी ओरडून सांगायचे, इंजिनाच्या आवाजात एक अक्षर ऐकू यायचं नाही, आणि तो जोरजोरात मान हलवायचा.

"मामी, भंगारात नको," तो म्हणाला. "मी चालू करतो."

"तू?"

"मी आणि ड्रायव्हर. तीन महिने द्या."

"तीन महिने बदकं कुठे ठेवू?"

"आणलीत का?"

"मनात आणलीत," मामी म्हणाल्या. पण त्यांनी मुदत दिली.

ड्रायव्हर म्हणजे कंडक्टरचा जिवलग मित्र. सव्वीस वर्षं दोघं एकाच गाडीवर होते, सात नंबरच्या मार्गावर. हा मागे तिकिटं फाडायचा आणि तो पुढे गाडी हाकायचा, त्यामुळे कंडक्टरला त्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या मानेची जास्त ओळख होती. मानेवरून तो ड्रायव्हरचा मूड सांगू शकायचा. ड्रायव्हर अंगाने आडवा आणि बोलायला चिक्कू. "हं" या एका अक्षरावर त्याचा सगळा संसार चालायचा. एक 'हं' होकाराचा, एक नकाराचा, आणि एक लांबलेला, ज्याचा अर्थ लोक आपापल्या सोयीने लावत. या लांब 'हं'मुळे डेपोत आणि गल्लीत त्याची अशी ख्याती झाली होती की यंत्रातलं याला सगळं कळतं. शेजाऱ्याचं मिक्सर बंद पडलं की तो याच्याकडे यायचा. हा मिक्सर उलटा करून बघायचा, "हं" म्हणायचा आणि परत द्यायचा. निम्म्या वेळा ते घरी जाऊन चालू व्हायचं.

तर हे दोघे बुधवारी बसने मामींकडे गेले. कंडक्टर प्रवासी म्हणून बसला होता, पण गाडीतल्या तरुण कंडक्टरची पद्धत बघून त्याच्या जिवाची नुसती तगमग होत होती.

शेडचं दार ढकललं तेव्हा आतून जुन्या पोत्यांचा आणि उंदरांचा वास आला. ट्रॅक्टर चारी चाकांतली हवा जाऊन जमिनीवर बसला होता, एखाद्या म्हशीने पाय दुमडून बसावं तसा. निळा रंग कुठेकुठे शिल्लक होता. सीटची गादी उंदरांनी खाल्ली होती, धुराड्याच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं आणि बॉनेटवर मामींनी कांदे वाळत घातले होते.

ड्रायव्हरने ट्रॅक्टरभोवती दोन फेऱ्या मारल्या. बॉनेटवर बोटाने टकटक केलं. वाकून खाली बघितलं. मग इंजिनाला कान लावून बराच वेळ उभा राहिला.

"काय ऐकताय?" मामींनी विचारलं. "बंद आहे ते."

"हं," ड्रायव्हर म्हणाला. लांबवाला. मग जरा थांबून, "होईल."

कंडक्टरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याने मामींकडे असं बघितलं की बघा, कुणाला घेऊन आलोय.

मग मंगळवार आणि शुक्रवार असे वार ठरले. मामी सकाळीच शेडच्या दारात स्टूल टाकून बसत आणि भाजी निवडता निवडता देखरेख करत. ड्रायव्हर येताना दर वेळी एकच काम ठरवून आणायचा. पहिल्या मंगळवारी म्हणाला, "आज जुनं ऑईल काढायचं." ऑईल काढलं. ते डांबरासारखं आलं, आणि अर्धं कंडक्टरच्या बाहीत गेलं. अकरा वाजता काम संपलं.

"आता पुढे?" कंडक्टरने उत्साहाने विचारलं.

"ते शुक्रवारी."

"अरे, अजून दिवस पडलाय."

"घाई केली की बिघडतं," ड्रायव्हर म्हणाला आणि हात पुसायला लागला.

शुक्रवारी त्याने फिल्टर काढायला लावले. पुढच्या मंगळवारी डिझेलची टाकी धुतली. एक दिवस, एक काम. कंडक्टर घरी येऊन बायकोला सांगायचा, "याला म्हणतात शिस्त. दुसरा कुणी असता तर एका दिवसात सगळं उघडून पसारा घालून बसला असता." बायको त्याच्या शर्टाच्या बाह्या बघत असायची, त्यामुळे तिचं शिस्तीबद्दलचं मत वेगळं होतं.

तिसऱ्या आठवड्यात कळलं की इंजिन जाम आहे. आतले पिस्टन गंजून सिलिंडरला चिकटून बसले होते, हलायला तयार नव्हते. त्या दिवशी ड्रायव्हर काहीच बोलला नाही, लांब 'हं'सुद्धा नाही. शुक्रवारी मात्र तो ठाम आवाजात म्हणाला, "नोझल काढायचे, त्या भोकांतून ऑईल आणि डिझेल निम्मं निम्मं ओतायचं आणि आठ दिवस हात लावायचा नाही."

आठ दिवसांनी त्यांनी इंजिनाच्या पुढच्या मोठ्या नटाला पाना लावला. पान्याच्या दांड्यावर पाण्याचा लांब लोखंडी पाइप चढवला आणि दोघे त्या पाइपला लोंबकळले. काही झालं नाही. ड्रायव्हरने वजन टाकलं, ते काही थोडंथोडकं नव्हतं. तरी नाही.

"मी येऊ का?" मामींनी स्टुलावरून विचारलं.

"तुम्ही बसा मामी, लागेल कुठेतरी."

मामी उठल्या, कंडक्टरला हाताने बाजूला केलं, पाइपला दोन्ही हात लावले आणि "मामांचं नाव घ्या रे!" म्हणाल्या. तिघांनी मिळून हिसका दिला. आतून कुठूनतरी 'कुईं' असा आवाज आला, पाइप चार बोटं खाली गेला आणि पान्यावरून सटकला. ड्रायव्हर कंडक्टरवर पडला. मामी मात्र जागच्या जागी उभ्या होत्या.

"हललं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा भाजी निवडायला बसल्या.

कंडक्टरची पाठ चार दिवस दुखत होती, पण तो घरभर सांगत फिरत होता की हललं. बायको चोळून देताना म्हणाली, "ट्रॅक्टर हलला की तुम्ही?"

डिझेलचा पंप मात्र तिथे सुधारण्यासारखा नव्हता. ड्रायव्हरने तो खोलून फडक्यात बांधला आणि घरी घेऊन गेला. "घरी निवांत बघतो," म्हणाला. त्या गडबडीत त्याचा चष्मा मामींच्या खिडकीत राहिला. कंडक्टरने तो खिशात टाकला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चष्म्याशिवाय बिचारा पंपात काय बघणार म्हणून, न सांगता त्याच्या घरी गेला.

ड्रायव्हरच्या घराला बाजूने एक बोळ आहे. तिथून स्वयंपाकघराची खिडकी लागते. कंडक्टर त्या बोळातून मागच्या दाराकडे निघाला होता, एवढ्यात आतून आवाज आला.

"काल पंप काढताना आधी काय करायचं होतं?"

हा आवाज ड्रायव्हरच्या सुनेचा. ती डिझेलचे पंप दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये नोकरीला होती हे कंडक्टरला माहीत होतं. लग्नात सगळ्यांनी त्याचं कौतुकही केलं होतं. पण त्यापलीकडे त्याने कधी विचार केला नव्हता.

"आधी टाकीचा कॉक बंद," ड्रायव्हरचा आवाज आला.

"मग?"

"मग... नळ्या सोडवायच्या."

"सोडवायच्या आधी काय करायचं, बाबा? परवा सांगितलं होतं."

कंडक्टरने खिडकीच्या कडेने हळूच एक डोळा आत नेला. स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर पंप सुटा करून मांडला होता, एकेक तुकडा ओळीत. सून कामावर जायच्या निळ्या कपड्यांत, हातात चहाचा कप घेऊन उभी होती. आणि तिच्यासमोर ड्रायव्हर, तो आडवा माणूस, दोन्ही हात मागे बांधून, छताकडे बघत, पाठ केलेलं आठवत होता.

"खुणा करायच्या!" तो एकदम म्हणाला.

"बरोबर. कुठली नळी कुठल्या नोझलची याच्या खुणा. आणि मंगळवारी तिथे काय करायचं?"

"फक्त पंप बसवायचा. दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही."

"शाबास." ती हसली. मग कप खाली ठेवत म्हणाली, "बाबा, एवढं पाठांतर करण्यापेक्षा त्यांना सरळ सांगून टाका ना, की तुम्हाला यातलं येत नाही. मीच येते एखाद्या रविवारी. दोन तासांचं काम आहे."

"नको," ड्रायव्हर घाईने म्हणाला. "सव्वीस वर्षं तो समजतोय की मला कळतं. आता या वयात त्याला धक्का कशाला?"

कंडक्टर तसाच उलट्या पावली बोळातून बाहेर आला. चष्मा त्याने फाटकाच्या कडीला अडकवला आणि घराकडे चालायला लागला. पहिल्या चौकापर्यंत त्याला राग आला होता. दीड महिना! दीड महिना आपण बायकोला याच्या शिस्तीचे गोडवे गात होतो! दुसऱ्या चौकात त्याला इंजिनाला कान लावून उभा राहिलेला ड्रायव्हर आठवला आणि हसू फुटलं. रस्त्यात एकटाच हसणारा माणूस बघून एका बाईने आपल्या पिशव्या दुसऱ्या हातात घेतल्या.

आणि बागेपाशी पोचेपर्यंत त्याला ते जुनं प्रकरण आठवलं. दोघांच्या जोडीच्या तिसऱ्या वर्षी एका थांब्यावर, बसमध्ये शिडी घेऊन चढू पाहणाऱ्या माणसाशी भांडायला तो खाली उतरला होता, आणि भांडण इतकं रंगलं की बस निघून गेली. पुढे चौथ्या थांब्यावर तपासनीस चढला. गाडीत कंडक्टर नाही! ड्रायव्हरने डोळ्याचं पातं न लववता सांगितलं, "मागे रस्त्यावर काहीतरी आडवं पडलं होतं साहेब, ते बाजूला करायला मीच उतरवलंय त्याला." तेवढ्यात हा दुधाच्या गाडीतून, कॅनच्या मधे बसून, तिथे पोचला. साहेबांनी विचारलं, "काय पडलं होतं?" हा म्हणाला "शिडी" आणि त्याच क्षणी ड्रायव्हर म्हणाला "फांदी". साहेब दोघांकडे बघत राहिले. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "फांदीची शिडी." त्याचा तो आयुष्यातला सर्वात मोठा विनोद, आणि तो त्याने विनोद म्हणून केलाच नव्हता. नोकरी मात्र वाचली.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "बघितला का पंप?"

"बघितला," कंडक्टर म्हणाला. "चांगल्या हातात आहे."

त्यानंतर त्याने आपली वागणूक बदलली. मंगळवारी काही अडलं की तोच आधी म्हणायचा, "आज राहू दे रे, शुक्रवारी बघू. घाई केली की बिघडतं." ड्रायव्हर सुटकेचा 'हं' सोडायचा. अडचण मामींची होती. त्यांना प्रश्न पडायचे.

"पण ड्रायव्हर," त्यांनी एकदा विचारलं, "ही बारकी नळी पंपातून निघून परत टाकीत का जाते? आलेलं डिझेल परत कशाला पाठवायचं?"

ड्रायव्हरच्या मानेवर लाली चढली. ती लाली कंडक्टरला चांगली ओळखीची होती. त्याला एकदम जोराचा खोकला आला. तो खोकला इतका लांबला की मामी पाणी आणायला आत गेल्या, आणि परत येईपर्यंत प्रश्न विसरल्या. हा उपाय त्याने पुढे तीनदा वापरला. चौथ्या वेळी मामींनी पाण्याबरोबर औषधाची बाटलीही आणली आणि समोर उभं राहून दोन चमचे पाजलं. ते इतकं कडू होतं की पाचव्या वेळी त्याने खोकल्याऐवजी पायावर पाना पाडून घेतला.

मुदतीला आठ दिवस उरले होते तेव्हा सगळं जागेवर बसलं. टायरमध्ये नव्या ट्यूब घातल्या, हवा भरली, आणि ट्रॅक्टर हातभर उंच उठून उभा राहिला. नवी बॅटरी आणली. सीटवर मामींनी जुन्या सतरंजीची घडी घालून दिली. ड्रायव्हरने डिझेलच्या नळ्यांतली हवा काढली. एकेक नट ढिला करायचा, छोटा दांडा हाताने मारत राहायचा, बुडबुडे संपेपर्यंत. ओठ हलवत तो काहीतरी पुटपुटत होता. कंडक्टरला ऐकू आलं, "आधी फिल्टर, मग पंप, मग नोझल." त्याने तोंड फिरवून भिंतीकडे बघितलं.

"मार सेल," ड्रायव्हर म्हणाला.

कंडक्टरने किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, दमलं, थांबलं. पुन्हा. पुन्हा. चौथ्यांदा आत कुठेतरी एक धक्का बसला, मग दुसरा, आणि मग अख्खी शेड हादरवत ते सुरू झालं. धुराड्याच्या तोंडातलं मातीचं घर बंदुकीच्या गोळीसारखं सुटलं, छपरावर आपटलं आणि त्याचे तुकडे सगळ्यांच्या डोक्यावर पडले. पाठोपाठ काळा धूर इतका आला की तिघांना एकमेकं दिसेनात. खोकत खोकत ते दाराबाहेर आले. या वेळचा खोकला खरा होता. मामींचे पांढरे केस काळे झाले होते.

"मामा असेच दिसायचे," कंडक्टर मामींकडे बघून म्हणाला, आणि मामी डोळे पुसत हसायला लागल्या. धुराने असेल, पण पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

ट्रॅक्टर बाहेर काढायचा म्हणून धुराडं खोलून ठेवलं, आणि मग लक्षात आलं की तो बाहेर येणारच नाही. मधल्या काळात एका वादळात शेडचं छप्पर खाली बसलं होतं आणि मामींनी दारावर एक आडवा वासा टाकून घेतला होता. हवा गेलेला ट्रॅक्टर त्याखालून आरामात गेला असता. हवा भरलेल्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग चार बोटं वर येत होतं.

"स्टिअरिंग काढा," मामी म्हणाल्या.

"मग वळवायचा कसा?"

"वासा काढा."

"छप्पर येईल."

कंडक्टरने सवयीने खोकायची तयारी केली, कारण आता शुक्रवारपर्यंत थांबावं लागणार हे उघड होतं. पण ड्रायव्हर दाराकडे बघून गालात हसत होता. सव्वीस वर्षांत त्याचं हसू मानेवरून ओळखावं लागायचं. या वेळी चेहऱ्यावरच होतं.

"हवा सोडा," तो म्हणाला. "मागच्या चाकांची. आठवतं का रे, रेल्वेचा बुटका पूल? डबल डेकर अडकली होती?"

"डेपोचे लोक टप कापायला निघाले होते!"

"आणि मी हवा सोडली. अर्धी गाडी शहर बघायला जमलं होतं... नाही, अर्धं शहर गाडी बघायला." एका दमात इतकं तो कधीच बोलला नव्हता. हे कुणी पढवलेलं नव्हतं, हे त्याचं स्वतःचं होतं. त्याने खाली वाकून स्वतः हवा सोडली, आणि ट्रॅक्टर सुस्कारा टाकत पुन्हा खाली बसला.

"चला," मामींनी हुकूम सोडला. "बाळ, बस आणि काढ बाहेर."

कंडक्टर जागीच थिजला. "मी? ड्रायव्हर आहे ना, मामी."

"ड्रायव्हर पाहुणे. ट्रॅक्टर तुझा. मामा काय म्हणाले होते माहितेय? 'भाच्याला द्या. मुलांना येत नाही, त्याला चालवता येतो. ड्रायव्हर दमला की बस तोच चालवतो.' तूच सांगितलं होतंस ना त्यांना?"

सांगितलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी, मामांसमोर आपण नुसते तिकिटं फाडत नाही हे दाखवायला, जेवता जेवता सहज फेकून दिलेली थाप. मामांनी ती इतकी वर्षं जपून ठेवली असेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. कंडक्टरने आयुष्यात सायकलीपुढे काही चालवलं नव्हतं, आणि सायकलसुद्धा उताराला तो हातात धरून नेई.

त्याने ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हर त्याच्याकडे बघत होता. थाप त्याच्याच नावावर मारलेली होती.

"हं," ड्रायव्हर मामींना म्हणाला. "चालवायचा की. माझ्यापेक्षा सफाईने." आणि तो शांतपणे ट्रॅक्टरच्या मागे, ट्रॉली जोडायच्या दांड्यावर चढून उभा राहिला. "मी मागचं बघतो."

कंडक्टर सतरंजीवर बसला. इंजिन सुरू झालं. मागून, मामींना ऐकू जाणार नाही अशा बेताने, त्याच्या कानात आवाज आला. "डावा पाय. तो क्लच. पूर्ण दाब... हाताजवळचा दांडा पुढे... तो नाही, त्याच्या शेजारचा... आता पाय सोड. हळू. अरे, अंड्यावर ठेवलाय समज."

कंडक्टरने पाय सोडला तो दगडावर ठेवल्यासारखा. ट्रॅक्टरने बेडकासारखी एक उडी मारली. त्याने डोळे मिटून घेतले. वासा त्याच्या टकलाला हलकेच घासून गेला, आणि डोळे उघडले तेव्हा तो उन्हात होता.

"थांबव!" मागून आवाज आला.

"कसा?"

"क्लच! ब्रेक! दोन्ही!"

ट्रॅक्टर मामींच्या कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी थांबला. बॉनेटवर एक परकर होता.

"मामांसारखाच चालवतो," मामी समाधानाने म्हणाल्या.

पुढच्या रविवारी ड्रायव्हरची सून ट्रॅक्टर बघायला आली. "फक्त आवाज ऐकते," म्हणाली. कंडक्टरने सेल मारला. ती दोन मिनिटं डोळे मिटून उभी राहिली, कान न लावता, आणि म्हणाली, "दोन नंबरचा नोझल नीट फवारत नाहीये. बाकी छान. बाबा, नळ्यांच्या खुणा केल्या होत्या ना?"

"केल्या होत्या," ड्रायव्हर म्हणून गेला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की कंडक्टर शेजारी उभा आहे. तो लाल झाला. बराच वेळ पायाने माती उकरत राहिला. शेवटी म्हणाला, "एक सांगायचं होतं. मला इंजिनातलं काही कळत नाही. सगळं हिने शिकवलं. मी नुसतं पाठ करून येत होतो."

"काय सांगतोस!" कंडक्टरने तोंडावर हात नेला, एक पाऊल मागे सरकला, आणि आधाराला मडगार्ड धरला. "मला तर शंकासुद्धा आली नाही!"

सुनेने त्याच्याकडे नीट बघितलं. फाटकाला अडकवलेला चष्मा तिला सापडला होता. पण ती पिशवीतून पाना काढून दोन नंबरकडे वळली. ड्रायव्हर मात्र आठवडाभर खुशीत होता. इतक्या हुशार माणसाला आपण तीन महिने फसवलं, याचं त्याला मनातून फार कौतुक वाटत होतं.

बदकं आली आणि शेड त्यांची झाली. ट्रॅक्टर घराच्या आडोशाला पत्र्याखाली उभा राहिला. मामी म्हणाल्या, एवढा चालू केलाय तर घरामागचं वावर नांगरून द्या, बटाटे लावते. कंडक्टर तोपर्यंत दहा-बारा वेळा बसला होता आणि त्याला वाटत होतं की आता जमतं. ड्रायव्हर बांधावर उभा राहून हातवारे करत होता. नांगराचं पहिलं तास सरळ निघालं. अर्ध्यात गेल्यावर एक बदक आडवं आलं. कंडक्टरने वाचवायला डावीकडे वळवलं, मग घाबरून उजवीकडे, आणि सरळ करता करता वावर संपलं. पुढची सगळी तासं त्या पहिल्याच्या कडेने गेली, तशीच वळत.

बटाटे उगवले ते त्याच ओळींत. रस्त्यावरून बघितलं तर हिरवी नदीच वाहत होती. कंडक्टर आणि ड्रायव्हर पत्र्याखाली ऑईल बदलत असताना शेजारचा शेतकरी बांधावर आला आणि डोक्यामागे हात लावून बराच वेळ ते बघत राहिला.

"काय हो," त्याने मामींना विचारलं, "हे असं वाकडं का?"

मामींनी हातातली कुदळ टेकवली. पत्र्याखाली दोघांचे हात थांबले.

"मुद्दाम," मामी म्हणाल्या. "पाणी थांबतं. तुम्हाला नाही माहीत?"

शेजाऱ्याने आणखी थोडा वेळ बघितलं. "अच्छा," तो म्हणाला, आणि आपल्या वावराकडे जरा साशंक नजरेने बघत घरी गेला.

पुढच्या हंगामात त्याने दोन तासं तशी काढून बघितली. त्याला काही ती तितकी जमली नाहीत.